हिमालय वुड बॅज : पचमढीच्या थंडीतली आमची टोळी

शाळेत गाईड कंपनी, म्हणजे मुलींचं स्काऊटसारखं पथक, चालवणाऱ्या बाईंना आधी बेसिक कोर्स करावा लागतो, मग अ‍ॅडव्हान्स, आणि ज्यांना त्याहून पुढे जायचं त्यांच्यासाठी हिमालय वुड बॅज. पहिले दोन मी आपल्या राज्यातच केले. तिसऱ्यासाठी भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या पचमढी इथल्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात जागा मिळाली आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी निघाले. परत आल्यापासून तालुक्यातल्या इतर कॅप्टन, म्हणजे माझ्यासारख्या कंपनी चालवणाऱ्या बाई, विचारताहेत, काय काय न्यायचं, थंडी किती, आपल्याला झेपेल का. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

रविवार : सौंसरची संत्री आणि लाल फडक्यातला त्रिशूळ

नागपूरहून सकाळची बस घेतली. सावनेर मागे पडलं की मध्य प्रदेश सुरू होतो, पण सौंसरपर्यंत कानावर मराठीच पडते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा दिसत राहतात. स्टँडवर टोपलीवाल्या मावशीकडून संत्री घेतली. त्यांचा किती उपयोग होणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझ्या शेजारच्या बाकावर वरुडकडचे एक म्हातारे काका आणि त्यांची मंडळी होती. काकांच्या मांडीवर लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. नातवाच्या दुखण्यासाठी बोललेला नवस फेडायला ते चौरागडच्या महादेवाला त्रिशूळ घेऊन निघाले होते. वऱ्हाडातल्या लोकांना पचमढी हे थंड हवेचं ठिकाण म्हणून नंतर कळलं. आधी ते मोठ्या महादेवाचं ठाणं. महाशिवरात्रीला आणि नागपंचमीच्या नागद्वार यात्रेला आपल्याकडून माणसांचे लोंढे तिकडे जातात. माझ्या आजीनेही ती वाट पायी केली होती.

"कुठी चालली वं बाई?" काकूंनी विचारलं.

"शिबिराले. शिकायले."

"शिकवनाऱ्या बाईले कोन शिकवते वं?"

मी त्यांना गाईडचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डब्यातली ज्वारीची भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला.

छिंदवाड्यानंतर तामियाला बस चहासाठी थांबली. तिथून खाली दरी अशी उघडते की चहा हातात राहून जातो. पाताळकोटची खोल दरी, जिथे भारिया लोक राहतात, ती याच भागात. मटकुलीला देनवा नदी ओलांडली की घाट लागतो आणि हवा पालटते. खिडक्या आपोआप बंद होऊ लागल्या.

विदर्भातून येणाऱ्यांना हा रस्ता सोयीचा. मुंबई, नाशिक, जळगावकडच्यांनी इटारसीमार्गे रेल्वेने पिपरियाला उतरावं. तिथून पचमढी पन्नासेक किलोमीटर, बस आणि जीप दोन्ही मिळतात. अंधार पडायच्या आत वर पोचाल अशा बेताने निघा.

सोमवार : आठ राज्यं, एक तंबू

नोंदणीला बेसिक आणि अ‍ॅडव्हान्सची प्रमाणपत्रं, शाळेचा कार्यमुक्तीचा आदेश, वैद्यकीय दाखला आणि फोटो लागले. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घरूनच काढून न्या. मग टोळ्या, म्हणजे छोटे गट, पाडल्या. आपण मराठीत संघ म्हणतो, तिकडे सगळा कारभार हिंदीत, म्हणून टोळी. गाईडच्या टोळ्यांना फुलांची नावं असतात. आमची कमळ टोळी.

आमच्यात केरळच्या एक चेची (तिकडे ताईला चेची म्हणतात), मेहसाण्याच्या बेन, बिहारच्या दीदी, ओडिशाच्या अपा, राजस्थानच्या जीजी, मिझोरमची एक अगदी तरुण शिक्षिका, भुसावळच्या रेल्वेतल्या ताई आणि मी. बाहेरच्यांना हे माहीत नसतं की स्काऊट-गाईडमध्ये रेल्वेला राज्याचा दर्जा आहे. त्यामुळे भुसावळच्या ताई माझ्याशी मराठीत बोलत, पण आमचं राज्य वेगळं.

इथे एक गोष्ट पहिल्याच तासाला स्पष्ट केली जाते. तुम्ही इथे बाई नाही, कॅप्टन नाही, टोळीतल्या मुली आहात. रोज टोळीनायिका बदलणार. कोणी स्वयंपाक, कोणी पाणी, कोणी लाकूड, कोणी सफाई, कोणी नोंदवही. कामांचा तक्ता तंबूबाहेर लावायचा आणि तो पाळायचा. पन्नाशीच्या मुख्याध्यापिका असाल, तरी आज तुमच्याकडे पाणी आहे तर पाणीच.

पहिल्या दिवशीची नायिका मिझोरमची. आमच्यात वयाने सर्वांत लहान, बोलायला कमी, हिंदी अडखळत. तंबू उभा राहिल्यावर तिने फावडं उचललं आणि भोवती नाली खणायला सुरुवात केली. आकाश निरभ्र, नोव्हेंबर सरत आलेला. बिहारच्या दीदी म्हणाल्या, "अरे, बारिश कहाँ है?" ती एवढंच म्हणाली, "तंबू लगाया, तो नाली भी।" आणि खणत राहिली. कोणाला हुकूम नाही, कोणाशी वाद नाही. मग एकेकीने कुदळ हातात घेतली. वीतभर खोल, उताराच्या दिशेला तोंड असलेली व्यवस्थित नाली तयार झाली.

रात्री थंडीने झोप लागेना. हे गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे आणि जमिनीतून येणारा गारठा वरच्या पांघरुणाने थांबत नाही. अंगावर दोन घेण्यापेक्षा एक जाड घोंगडी खाली अंथरा. कानटोपी, लोकरी मोजे आणि गरम पाण्याची बाटली विसरू नका.

मंगळवार : तीन छोट्या, एक लांब

पाचला उठणं, मग स्काऊटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांच्या 'बी.पी. सिक्स'चे सहा व्यायाम, तंबूची तपासणी, घोड्याच्या नालेच्या आकारात उभं राहून ध्वजवंदन, प्रार्थना, मग सत्रं. शिट्टीच्या खुणा मुलींना आपण फळ्यावर लिहून देतो. इथे त्या पायांत भिनतात. तीन छोट्या आणि एक लांब शिट्टी झाली की टोळीनायिकांनी हातातलं काम टाकून धावत यायचं. साड्यांत आयुष्य गेलेल्या बाया पटांगणातून पळताना पाहिल्या आणि मला फार छान वाटलं.

दुपारी बांबू आणि सुतळी मिळाली. खुंटगाठीने सुरुवात करून चौकोनी लॅशिंग, म्हणजे बांबू जोडणारी बांधणी, घालत चपलांची घडवंची, ताटांची मांडणी, हात धुवायचा स्टँड. राजस्थानच्या जीजी घरी खाटा विणतात, त्यांनी सुतळी अशी आवळली की आमची मांडणी शेवटच्या दिवसापर्यंत तसूभर हलली नाही.

संध्याकाळच्या सत्रात टोळी पद्धतीवर बोलणं झालं, आणि या कोर्सचा गाभा मला तिथे सापडला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी जे पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, त्यात वीस मुलं होती आणि त्यांच्या चार टोळ्या केल्या होत्या : बुल, कर्ल्यू, रेव्हन आणि वुल्फ. श्रीमंत घरची आणि कामगारांची मुलं एका टोळीत, आणि टोळीची जबाबदारी मुलाकडेच. १९१९ साली लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये मोठ्यांसाठी पहिला वुड बॅज कोर्स झाला, तेव्हा त्या मोठ्यांनाही आधी टोळीतच राहावं लागलं. कोर्स पुरा करणाऱ्यांना एका झुलू माळेतले लाकडी मणी दिले गेले, म्हणून आजही वुड बॅजची खूण म्हणजे गळ्यातल्या चामडी दोरीतले दोन मणी. सहायक प्रशिक्षकाला तीन, प्रशिक्षकाला चार.

आपल्याकडे बऱ्याच शाळांत गाईड म्हणजे १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचं संचलन. गणवेश कडक, पावलं एकसारखी, आणि प्रत्येक निर्णय बाईंचा. मुली शिस्तीच्या दिसतात, पण सहलीला बस चुकली तर त्यातली एकही पुढे होऊन काय करायचं ते सांगू शकत नाही. कारण तिने कधी आठ जणींचा डबा, पाणी, भांडण आणि वेळ सांभाळलेलीच नसते. मला मनापासून वाटतं की टोळी नसेल तर गाईडिंग नाही, नुसता गणवेश आहे.

नागपूरकरांसाठी एक सांगायला हवं. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले व्हिव्हियन बोस हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या स्काऊट चळवळीचे आधारस्तंभ होते, नंतर भारत स्काऊट्स आणि गाईड्सचे राष्ट्रीय आयुक्तही झाले. आणि भारतातली गाईडिंगची सुरुवात १९११ मध्ये झाली ती जबलपूरला, याच सातपुड्याच्या पलीकडे. ही आपल्या दारातली परंपरा आहे, मुलींना ती सांगायला हवी.

बुधवार : बिनभांड्याचा स्वयंपाक

ज्याची मी वाट पाहत होते तो दिवस. कणीक, बटाटे, वांगी, तांदूळ, डाळ, अंडी, मीठ-मिरची दिली. भांडं एकही नाही. ताटसुद्धा पानांचं करायचं.

लाकडं दवाने भिजलेली, जाळ धरेना. ओडिशाच्या अपांनी सुरीने एका फांदीची ओली साल तासून काढली, आतल्या कोरड्या गाभ्याचे केसांसारखे पातळ तुकडे केले आणि त्यावर पहिली ठिणगी धरवली. मग काय, निखारे होईपर्यंत सगळ्या जणी फुंकणीवर.

मी रोडगे करायचं ठरवलं. आपल्याकडे महादेवाच्या नवसाला, शेतातल्या पंगतीला गोवऱ्यांच्या आरात भाजतात तेच. कणकेच्या पाऱ्या तेल लावून एकात एक गुंडाळल्या आणि माहुलाच्या रुंद पानांत बांधून निखाऱ्यांत ठेवल्या. माहुलाची वेल या जंगलात भरपूर, इथले लोक तिच्याच पत्रावळी लावतात. चेचींनी बांबूच्या नळीत तांदूळ आणि पाणी भरून, तोंडाला पान कोंबून नळी जाळावर तिरकी धरली. मिझोरमच्या मुलीने दुसरी नळी घेतली. एक दक्षिणेच्या टोकाची, एक पूर्वेच्या, आणि दोघी नळी एकाच पद्धतीने फिरवत होत्या. बेननी बटाट्यांना ओल्या मातीचा लेप दिला. वांगी मी सरळ जाळात टाकली.

आणि अंडी? प्रशिक्षक दीदींनी विचारलं तेव्हा मला पिशवीतली सौंसरची संत्री आठवली. संत्रं अर्धं कापून गर खाल्ला, सालीच्या वाटीत अंडं फोडलं आणि ती वाटी निखाऱ्यावर ठेवली. साल कडेने काळी होते, पण अंडं जळत नाही आणि त्याला संत्र्याचा हलका वास लागतो. शेजारच्या टोळ्या बघायला आल्या.

रोडगे फोडले तेव्हा वाफ निघाली. गाभ्यापर्यंत शिजलेले, वरून खरपूस. वांग्याच्या भरतासोबत आम्ही ते जेवलो. वाढायला आलेल्या स्थानिक स्वयंपाकी दादांनी एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, हे तर आमचं गक्कड. नर्मदेच्या या पट्ट्यात गक्कड-भर्ता म्हणजे थंडीतलं हक्काचं जेवण.

या सगळ्या वेळात प्रशिक्षक दीदी हात मागे बांधून उभ्या होत्या. आमचा पहिला जाळ दोनदा विझला, त्या हलल्या नाहीत. सुरीकडे आणि पदरांकडे मात्र त्यांचं बारीक लक्ष होतं. एकीचा पदर सुटला तेव्हा क्षणात पुढे झाल्या. धोका असेल तिथे लगेच, गैरसोय असेल तिथे अजिबात नाही. वर्गात इतकी वर्षं शिकवल्यानंतर मला ही हद्द एवढी नेमकी कोणी दाखवली नव्हती.

त्या रात्री दोनच्या सुमारास पाऊस आला. अवकाळी, पण चांगला तासभर. तंबूच्या कापडावर ताशा वाजावा तसा आवाज. टॉर्च लावून पाहिलं तर पाणी नालीतून खळाळत उताराला चाललं होतं आणि आत अंथरूण कोरडं. दोन तंबू पलीकडच्या टोळीचं सामान भिजलं, त्या चौघी आमच्याकडे आल्या आणि आम्ही बाराजणी दाटीने बसून राहिलो. बिहारच्या दीदींनी आपली शाल काढून त्या मिझोरमच्या मुलीच्या खांद्यावर टाकली.

गुरुवार-शुक्रवार : चौरागड

पाऊस होऊन गेल्यावर जंगल धुतल्यासारखं झालं होतं. होकायंत्र, नकाशा आणि वाटेवरच्या खुणा वाचत आमची हाईक महादेव मंदिराकडे निघाली. वाटेत काठीच्या सावलीवरून झाडाची उंची काढणं, ओढ्याची रुंदी पलीकडे न जाता मोजणं. इथे साग आणि साल दोन्ही वाढतात. सालाच्या एका उंच फांदीवर शेकरू पसरून बसलेलं दिसलं. आपला राज्यप्राणी, आणि मला तो नीट पाहायला मिळाला परराज्यात.

महादेवापासून चौरागडला तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. माथा १३२६ मीटर. पायऱ्यांच्या कडेला एक आजी लिंबूपाणी आणि आवळे विकत होत्या. सुट्टे पैसे मोजताना त्या नातीला जे आकडे सांगत होत्या ते ऐकून मी थबकले. कोरकू! माझ्या कंपनीत अर्ध्या मुली मेळघाटातल्या कोरकू आहेत, हे आकडे मी रोज मधल्या सुट्टीत ऐकते. मी तोडकंमोडकं बोलले, तेव्हा आजींनी माझा हात धरून बसवूनच घेतलं. मेळघाट आणि पचमढी एकाच सातपुड्यात, एकाच लोकांची. पचमढी १८५७ साली कॅप्टन फोर्सिथने शोधली असं फलकांवर वाचायला मिळतं. पण कोरकू लोक इथे त्याच्या कितीतरी आधीपासून होते, आणि त्या उठावाच्या काळात त्यांचा राजा भभूतसिंग याच डोंगरांत इंग्रजांशी लढला. माझ्या मुलींना मी हेच सांगितलं, आणि फोर्सिथचं नाव त्यानंतर.

माथ्यावर त्रिशूळांचं रान आहे. हातभर लांबीचे, माणसाहून उंच, गंजलेले, नवे, शेंदूर लावलेले, ढिगाने. बसमधल्या काकांचा त्यातला कोणता असेल म्हणून मी उगाच शोधत राहिले. केरळच्या चेचींना मी नवसाची रीत सांगितली. त्यांनी प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेतली.

पायऱ्या सकाळी लवकर चढा. माकडं पिशव्या ओढतात, खाण्याचं बाहेर ठेवू नका. काठी हवीच. रबरी तळव्याचे जुने, पायात रुळलेले बूट घाला. नव्या बुटांनी आमच्यातल्या दोघींच्या टाचा सोलल्या.

शनिवार : खिरापत ओळखा

सकाळी सर्वधर्म प्रार्थना झाली. मग मानसभा, जिथे टोळीनायिका आणि प्रशिक्षक बसून आठवड्याचा हिशेब मांडतात. दुपारी शेकोटीची तयारी.

मोठ्या शेकोटीला प्रत्येक राज्याने काहीतरी करायचं होतं. भुसावळच्या ताई आणि मी, दोघींनी मिळून भुलाबाई बसवली. खानदेशात आणि विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची असते. गाणी झाल्यावर मी डबा हलवला आणि विचारलं, ओळखा! गोड की तिखट, भाजलेलं की तळलेलं, असे प्रश्न सुरू झाले. कोणी घेवर म्हणालं, कोणी ठेकुआ, कोणी उण्णिअप्पम, कोणी छेनापोडा. अख्ख्या देशाची मिठाई त्या अंधारात नावानिशी बोलली गेली. डब्यात निघाले मुरमुरे, फुटाणे आणि गूळ, बाजारातून आणलेले. शेकोटीभोवती सगळ्यांना चिमूट-चिमूट पुरले.

पुण्याला १९६६ पासून गाईड चळवळीचं 'संगम' हे जागतिक केंद्र आहे, हे मी त्या रात्री सांगितलं तेव्हा बऱ्याच जणींनी तिथे यायचं ठरवून टाकलं.

रविवार : धूपगड आणि परत

समारोप सकाळीच आटोपला. मणी आणि पार्चमेंट, म्हणजे प्रमाणपत्र, पुढचं काम तपासून झाल्यावर मिळतं. बस दुसऱ्या दिवशीची होती, म्हणून आमच्या टोळीतल्या तिघींनी जिप्सी करून धूपगड पाहिला. १३५२ मीटर, सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर. जंगलातल्या पॉइंटना खासगी गाडी चालत नाही, बाजारातून परवान्याची जिप्सी घ्यावी लागते. तिघी-चौघी मिळून केलीत तर परवडते. सूर्यास्तानंतर उतरताना उघड्या गाडीत फार गार वारा लागतो, स्वेटर अंगावरच ठेवा.

सामानाची एक शेवटची यादी, फोनवर सगळ्या विचारतात म्हणून : तीन मीटर दोरी, चांगली सुरी, टॉर्च आणि जादा सेल, स्टीलचं ताट-मग, सुईदोरा, पूर्ण गणवेशाचे दोन जोड, कारण दवामुळे वाळत नाहीत. आणि जाताना सौंसरची संत्री.

शाळेत आल्यावर पहिल्या शनिवारी मुलींना चार टोळ्यांत बसवलं. नावं त्यांनीच निवडली : पळस, मोह, तेरडा, कारवी. नायिकांची पहिली सभा वडाखाली झाली, मी बाजूला बसून होते. पाऊण तासाने पळसची नायिका, सातवीतली कोरकू मुलगी, ठराव घेऊन आली. जानेवारीत चिखलदऱ्याला एक रात्र शिबिर, स्वयंपाक टोळीनिहाय, आणि सामानाच्या खोलीची किल्ली आठवड्याला एका टोळीकडे. किल्लीचं मुख्याध्यापकांशी बोलायला त्या स्वतःच जाणार आहेत, सोमवारी, मधल्या सुट्टीत.